धानाचा ओलावा मोजला जातो. धातू कोण मोजणार?

दिवाळी आटोपली की गोंदिया जिल्ह्यातील आधारभूत खरेदी केंद्रांसमोर धानाच्या गाड्यांची रांग लागते. पाळी आली की पोत्यातून पसाभर धान काढले जाते, ओलावा मोजण्याच्या यंत्रात घातले जाते आणि आकडा १७ टक्क्यांच्या पुढे गेला की ‘वाळवून आणा’ असा हुकूम सुटतो. खडे-माती १ टक्क्याहून अधिक नको, काडीकचरा १ टक्क्याहून अधिक नको, पाखड किंवा अंकुरलेले दाणे ५ टक्क्यांच्या आत हवेत, पोचट व अपक्व दाणे ३ टक्क्यांच्या आत. अवकाळी पावसात भिजलेल्या धानावरून केंद्रांवर होणारे तंटे जिल्ह्याला नवे नाहीत. दाण्याची एवढी चिकित्सा होत असताना त्या दाण्याच्या आत काय आहे, हे मात्र तेथे कोणीही विचारीत नाही. आर्सेनिक, कॅडमियम, शिसे या जड धातूंना दाण्यात ना वास, ना रंग, ना चव. ते असले काय नि नसले काय, धानाचा भाव एकच.

हा केवळ एका जिल्ह्याच्या पोटाचा प्रश्न नाही. गोंदिया-भंडारा हे महाराष्ट्राचे धानाचे कोठार. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ यांनी खरेदी केलेल्या धानाची भरडाई होते आणि निघालेला तांदूळ सरकारी गोदामांत व तेथून शिधावाटप दुकानांत जातो. सरकारी तांदळावरच शाळेतील खिचडी शिजते. म्हणजे ज्याला तांदूळ निवडून घेण्याची ऐपत आहे त्याच्यापेक्षा, जो मिळेल तो तांदूळ खातो त्याच्याशी या प्रश्नाचा संबंध अधिक आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गोंदियाचा तांदूळ दूषित आहे असे म्हणण्यास आधार नाही, आणि आधाराशिवाय तसे म्हणणे हा आधीच तुटपुंज्या भावावर जगणाऱ्या धान उत्पादकाचा घात ठरेल. तथापि ‘दोष आढळला नाही’ आणि ‘दोष शोधला नाही’ या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो शोधण्याचा आग्रह धरावा लागतो, तो धान या पिकाच्या मूळ स्वभावामुळे.

धानाचा स्वभाव

गहू, ज्वारी, तूर ही पिके पाणी पितात. धान पाण्यात उभे राहते. बांधीत पाणी साचले की चिखलातील प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो. मातीतील लोहाचा गंज या कोंडलेल्या अवस्थेत विरघळू लागतो आणि एरवी त्या गंजाला घट्ट चिकटून असलेले आर्सेनिक मोकळे होऊन पाण्यात उतरते. (जुन्या पिढीने ज्याला सोमल म्हटले, तो याच आर्सेनिकाचा एक प्रकार.) आता धानाला सिलिका फार प्रिय, तुसाला जो खरखरीतपणा व टणकपणा असतो तो तिच्यामुळेच. मुळांनी सिलिका आत घेण्याच्या ज्या वाटा आहेत, त्याच वाटांनी हे मोकळे झालेले आर्सेनिकही आत शिरते. मुळाला त्या दोहोंतला भेद ओळखता येत नाही. गव्हाच्या मानाने तांदळात आर्सेनिक कितीतरी पटींनी अधिक उतरते, याचे कारण हे.

कॅडमियमची तऱ्हा नेमकी उलटी. साचलेल्या पाण्याखाली ते गंधकाशी संयोग पावून चिखलात अडकून राहते. बांधीतील पाणी सोडून दिले, माती भेगाळली, हवा आत गेली की ते सुटे होते, आणि लोंबीत दाणा भरत असतानाच वर चढते. जमीन आम्लधर्मी असेल, तिच्यात जस्ताची उणीव असेल, तर हे चढणे अधिकच सुलभ होते.

ही दोन उलट्या दिशांची ओढ नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढे उपायांचा विचार करताना सारा घोळ येथेच होतो.

जिन्झूच्या काठी, आणि कौडीकसा येथे

पाटाच्या पाण्यातून धातू तांदळात आणि तांदळातून माणसाच्या हाडांत कसा जातो, याचा सर्वांत दारुण धडा जपानने घेतला. तोयामा प्रांतातून जिन्झू नदी वाहते. तिच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त व शिशाची खाण होती. खाणीतील कॅडमियम नदीत, नदीतून पाटात, पाटातून भातखाचरांत असे वर्षानुवर्षे उतरत राहिले. खालच्या खेड्यांतील, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या उतारवयाच्या स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ झाली की नुसत्या खोकल्यानेही बरगडी मोडावी. त्यांच्या कण्हण्यावरूनच त्या रोगाला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असे नाव पडले. तेथेच दवाखाना चालविणारे डॉ. नोबोरू हागिनो यांनी कॅडमियमकडे बोट दाखविले, तेव्हा त्यांच्या म्हणण्याला मान्यता मिळण्यास बराच काळ जावा लागला. गरीब शेतकरी स्त्रियांचे दुखणे. ते कुपोषणाच्या खाती मांडून टाकणे सोपे होते. अखेर १९६८ साली जपान सरकारने हा रोग प्रदूषणजन्य असल्याचे मान्य केले आणि १९७१ साली न्यायालयाने खाण कंपनीला जबाबदार धरले. पण निकाल लागला म्हणून जमीन शुद्ध होत नाही. १९७९ साली सुरू झालेले दूषित भातशेतीची माती बदलण्याचे काम २०१२ पर्यंत चालले. ८६३ हेक्टरांना तेहतीस वर्षे लागली, आणि तेही जपानसारख्या धनाढ्य देशात.

जपान दूरचा म्हणून सोडून द्यावा, तर कौडीकसा हे गाव दूरचे नाही. देवरी तालुक्याच्या पूर्वेस राज्याची सीमा ओलांडली की छत्तीसगडमधील अंबागड चौकीचा मुलूख लागतो. पूर्वी तो राजनांदगाव जिल्ह्यात होता. २०२२ पासून मोहला-मानपूर-अंबागड चौकी या वेगळ्या जिल्ह्यात आहे. कौडीकसा येथील विहिरी व हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे आणि माणसांच्या हातापायांवर त्याच्या खुणा उमटल्याचे जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, तेही वर्ष हेच. पुढे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या भागातील पाण्याबरोबरच माती आणि तांदळाचे दाणे यांतही आर्सेनिक असल्याची नोंद झाली. तेथे कोणताही कारखाना याला कारण नव्हता. ते आर्सेनिक खडकातले.

कौडीकसाचे पाणी शिवनाथेतून महानदीकडे जाते, गोंदियाचे वैनगंगेतून गोदावरीकडे. तेव्हा तिकडचे पाणी इकडे येण्याची भीती नाही. परंतु खडकाला राज्याची सीमा ठाऊक नसते. डोंगरगडच्या परिसरातील प्राचीन ज्वालामुखीजन्य खडकांचा पट्टा पश्चिमेकडे सालेकसा-दरेकसाच्या डोंगरांत शिरलेला आहे. म्हणून तेथेही आर्सेनिक असलेच पाहिजे असे नाही. एकाच खडकात दोन मैलांवर पाण्याची प्रकृती बदलते. मात्र त्या पट्ट्यातील बोअरच्या पाण्यावर पिकणारे उन्हाळी धान एकदा तपासून पाहावे, एवढे म्हणण्यास हे कारण पुरेसे आहे.

पाणी कोठले?

जिल्ह्याचे भाग्य असे की त्याचे बरेचसे धान तलावांवर पोसलेले आहे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, जे पुढे मालगुजारी तलाव झाले आणि आता ‘मामा तलाव’ या लाडक्या नावाने ओळखले जातात, ते जंगलातून उतरणारे पावसाचे पाणी अडवितात. नवेगावबांधच्या वर कोणतेही महानगर नाही. इटियाडोह, सिरपूर, पुजारीटोला यांच्या कालव्यांचे पाणीही मुख्यतः पावसाचेच. खरिपात मोरांड, सिहार किंवा खरडी जमिनीतील बांध्या अशा पाण्यावर भरतात, तेव्हा धातूची धास्ती कमी. उन्हाळी धानाची गोष्ट मात्र निराळी. भर चैत्रात जेथे जमिनीखालचे पाणी उपसून बांधी भरली जाते, तेथे खडकात दीर्घकाळ मुरलेले पाणी शेतात येते. हा हिशेब कोणत्याही शाळेतील विद्यार्थ्याला मांडता येईल. लिटरला ०.१ मिलिग्रॅम आर्सेनिक असलेले पाणी हेक्टरी दहा हजार घनमीटर दिले, तर वर्षाला एक किलो आर्सेनिक त्या शेतात ओतले जाते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९८५ साली सिंचनाच्या पाण्यासाठी सुचविलेली मर्यादा नेमकी हीच, ०.१ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाने घातलेली मर्यादा याच्या दशांश, ०.०१ मिलिग्रॅम. सिंचनाची ती मर्यादा ठरविताना पाहिले गेले ते पीक जगते की मरते. खाणाऱ्याचे काय होते, हे नव्हे. शिवाय त्याच तक्त्यात अशी टीप आहे की धानाला ०.०५ मिलिग्रॅमहून कमी आर्सेनिकही बाधू शकते. ती टीप फारसे कोणी वाचीत नसावे.

जमिनीखालचे पाणी हा एक भाग झाला. तिरोडा येथे ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. दगडी कोळशात आर्सेनिक व शिसे अल्प प्रमाणात असतात आणि कोळसा जळून गेला की राखेत त्यांचे प्रमाण वाढते. राखेची विल्हेवाट कशी लावावी याचे केंद्र सरकारचे नियम १९९९ पासून आहेत. ३१ डिसेंबर २०२१ रोजी ते नव्याने जारी झाले. यावरून वीज केंद्रावर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. पण आसपासच्या बांध्यांतील धान तपासून ते निर्दोष असल्याचा दाखला मिळाला, तर तो शेतकऱ्याइतकाच केंद्राच्याही हिताचा नाही काय? गोंदिया शहराजवळून वाहणाऱ्या पांगोलीच्या पाण्यावरील भाजीपाल्याचेही तेच. पालेभाज्या कॅडमियम चटकन शोषतात. शिसे मात्र मुळांतून फारसे वर चढत नाही, ते धुळीबरोबर पानांवर बसते. स्वच्छ धुण्याने त्याचा बराचसा भाग जातो. कॅडमियम धुऊन जात नाही.

या बाबतीत गोंदियापेक्षा भंडाऱ्याचे दुखणे मोठे आहे. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सारे पाणी पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणात येऊन साठते. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणाकडे पूर्व विदर्भ सिंचनाचे स्वप्न म्हणून पाहत आला. काळवंडलेल्या पाण्याबद्दल भंडारेकरांची तक्रार जुनी आहे आणि ती बहुधा पिण्याच्या पाण्यापुरती मांडली जाते. तेच पाणी कालव्यांतून धानाच्या बांध्यांत जाणार आहे, या अंगाने चर्चा क्वचितच होते. गोंदियाची वैनगंगा या संगमाच्या वर राहते, हा केवळ भूगोलाचा उपकार.

खताकडेही डोळेझाक करून चालणार नाही. सुपर फॉस्फेट आणि डीएपी ज्या खनिज दगडापासून बनतात, त्यात जातीनुसार कमी-अधिक कॅडमियम असते. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून फॉस्फेटच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम अशी त्याची कमाल मर्यादा लागू केली. एका पोत्याने काही बिघडत नाही. पण पिढ्यान् पिढ्या तीच बांधी आणि तेच खत असले म्हणजे कॅडमियम जमिनीत साचतच जाते.

ताटातला हिशेब

तांदळातील धातूंच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा कोडेक्स आयोगाने ठरविल्या आहेत. पॉलिश केलेल्या तांदळात असेंद्रिय आर्सेनिक किलोला ०.२ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.४ मिलिग्रॅम, याहून अधिक नसावे. या मर्यादा व्यापाऱ्याच्या सोयीच्या आहेत की खाणाऱ्याच्या, हे झाडीपट्टीतील ताट समोर ठेवून तपासावे. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खाणे येथे नवलाचे नाही. मर्यादेला जेमतेम टेकलेला तांदूळ एवढा खाल्ला, तर पोटात ८० मायक्रोग्रॅम आर्सेनिक जाते. पिण्याचे पाणी मर्यादेला टेकलेले असेल आणि माणूस दिवसाला तीन लिटर पीत असेल, तर पाण्यातून जाते ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे ज्या पाण्यासाठी गावोगाव तपासणी संच वाटले गेले, त्याच्या अडीच पटींहून अधिक आर्सेनिक ‘नियमात बसणारा’ भात देऊ शकतो. कॅडमियमचा हिशेब याहून बोलका आहे. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० साली ठरविलेले सुसह्य प्रमाण पन्नास किलो वजनाच्या माणसाला दिवसाकाठी सुमारे ४१ मायक्रोग्रॅम पडते. मर्यादेला टेकलेला ४०० ग्रॅम तांदूळ १६० देतो. भाताबरोबर इतर पदार्थही भरपूर खाणाऱ्याला ही मर्यादा पुरेशी असेल. दोन्ही वेळ भातच खाणाऱ्याला ती पुरेशी नाही. कॅडमियम मूत्रपिंडात एकदा शिरले की त्यातील निम्मे बाहेर पडण्यास दहा ते तीस वर्षे लागतात. दीर्घकाळ पोटात जाणाऱ्या आर्सेनिकाने त्वचेवर खवले व डाग येतात आणि त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मुलांचे वजन कमी आणि त्या मानाने खाणे अधिक, म्हणून त्यांच्या वाट्याला किलोमागे मोठा भाग येतो.

स्वयंपाकघरात काही करता येते काय? येते. भरपूर पाण्यात भात शिजवून वरचे पाणी वेळून टाकण्याची जी जुनी रीत होती, तिने आर्सेनिकाचा बराच भाग निघून जातो. कुकरने ती रीत मोडली. गंमत अशी की गरिबाच्या घरी वेळून काढलेली पेज टाकून देत नसत. ती प्यायली जाई, आणि गेलेले आर्सेनिक पुन्हा पोटात येई. हातसडीचा तांदूळ आरोग्यासाठी खाणाऱ्यांनीही हे जाणून असावे की आर्सेनिक कोंड्यात अधिक असते. म्हणून कोंडा टाकावा असे नव्हे. त्यातील जीवनसत्त्वे कोठून आणणार?

शेतातील उपायांची अडचण याहून बिकट आहे. आर्सेनिक असेल तर बांधी मधूनमधून सुकू द्यावी, असे शास्त्र सांगते. पाण्याच्या बचतीसाठी हल्ली हाच सल्ला दिला जातो. कॅडमियम असेल तर मात्र निसवण्याच्या आधी तीन आठवडे व नंतर तीन आठवडे पाणी हटू देऊ नये, असे जपानमधील शेतकऱ्यांना शिकविले जाते. एकाचा उतारा तो दुसऱ्याला खतपाणी. सिलिकायुक्त तुसाची राख शेतात परतविणे आर्सेनिकाविरुद्ध उपयोगी पडते, आणि गिरण्यांच्या या जिल्ह्यात तुसाला तोटा नाही. आम्लधर्मी जमिनीला चुना व जस्त दिल्याने कॅडमियमला आळा बसतो. परंतु कोणत्या बांधीत कोणता धातू, हे कळल्याशिवाय यांपैकी कोणताही सल्ला देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

ती नाडी पाहण्याचे काम आज कोणाकडेही सोपविलेले नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजल्या जातात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब अशी ती यादी. तीत आर्सेनिक नाही, कॅडमियम नाही, शिसे नाही. पिण्याचे पाणी तपासणारे खाते सिंचनाच्या पाण्याकडे पाहत नाही, सिंचन खाते पाण्याची उंची मोजते, आणि अन्न व औषध प्रशासनाला भेसळीतून सवड मिळत नाही. या मुलखाला अन्नातून येणाऱ्या मंद विषाची ओळख नाही असेही नाही. धानानंतर पेरल्या जाणाऱ्या लाखोळीच्या डाळीने पाय लुळे पडतात, या कारणास्तव १९६१ साली केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. त्या डाळीतील बाधक द्रव्य किती, ते कोणत्या वाणात कमी, याची मोजदाद नंतर पुष्कळ झाली आणि बंदीचा वादही त्या मोजदादीच्या आधारानेच पुढे चालला. तांदळाच्या बाबतीत अशी मोजदाद आधी व्हावी, हे अधिक शहाणपणाचे.

त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. नागपूर गोंदियापासून आगगाडीने सुमारे १३० किलोमीटर. तेथे राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था आहे, ‘नीरी’ आहे. भंडारा जिल्ह्यात साकोलीला धान संशोधन केंद्र आहे. आठ तालुक्यांतून प्रत्येकी पन्नास असे चारशे नमुने घेतले, तरी जिल्ह्याचे पहिले चित्र उभे राहील. नमुने काढणारी माणसेही वेगळी नेमावी लागणार नाहीत. खरेदी केंद्रावर ओलाव्यासाठी काढलेला पसा यंत्रातून निघून पुन्हा पोत्यात जातो. त्यातलाच एक पसा कागदी पिशवीत घालावा आणि तीवर शेताचा गट क्रमांक, हंगाम आणि पाणी तलावाचे, कालव्याचे की बोअरचे, एवढे पेन्सिलीने लिहावे. उन्हाळी धान मे महिन्यात केंद्रांवर येऊ लागते. पहिल्या पिशव्या सालेकसा व देवरीकडच्या बोअरवरील धानाच्या असाव्यात.